एकास एक

नकाशा मोईजच्या दुकानातून आला, तीन तुकड्यांत.
चिकटपट्टीने जोडला आणि पट्टी लावून पाहिली:
जिथे दहा सेंटिमीटर लिहिलंय, तिथे नऊ पूर्णांक सात.
"मशीन कागदात बसवून घेतं, साहेब," मोईज म्हणाला,
"सगळंच सारखं लहान झालं, मग बिघडलं काय?"

छत्तीस वर्षं भूकरमापक होतो मी.
सेलू, मानवत, जिंतूर; साखळी, झेंड्या, पाटीवरचा कागद.
तीन टक्क्यांपायी दोन भाऊ
कोर्टाच्या पायऱ्यांवर म्हातारे होताना पाहिलेत.
तरी म्हटलं, असू दे.

लाकूड पार्सलने आलं.
कुरिअरवाल्या पोराने खोकं हलवून पाहिलं:
"रिकामंच दिसायलंय, सही करायच्या आधी उघडा."
बाल्सा. नख लागलं तरी खूण राहते.
आमच्याकडचं लाकूड असं नसतं,
बाभळीपुढे कुऱ्हाडसुद्धा क्षणभर थांबते.

नकाशावर बटर पेपर, वर टाचण्या,
म्हणजे फेविकॉल लाकडाला धरतो, कागदाला नाही.
ब्लेड एका दमात ओढायचं नाही.
तीनदा, हलक्या हाताने, रेषेच्या बाहेरून.
रेषा कापायची नाही,
ती कुणाच्याच मालकीची नसते.

फासळ्या चौदा. नकाशात सगळ्या सारख्या.
माझ्या हातून निघाल्या त्या चौदा तऱ्हेच्या.
मग चळत करून टाचण्यांनी आवळल्या
आणि पॉलिश पेपरने घासत बसलो
संध्याकाळची नांदेड गाडी जाईपर्यंत.

जन्मभर मी जमीन लहान करत आलो.
विहीर म्हणजे एक गोल, पांदण म्हणजे दोन तुटक रेघा,
भांडणाला तर खूणच नव्हती.
हा पहिला नकाशा
ज्याच्यावर वस्तू जशीच्या तशी पडून असते,
टाचण्या काढल्या की उचलून घेता येते.
हे सुचलं तेव्हा हातात डावा पंख होता.
तो तसाच धरून बसलो,
फेविकॉल वाळून गेला ब्रशवर.

पतंगाचा कागद चढवला, इस्त्रीवाल्याकडून
पिचकारी आणून पाणी मारलं.
ओला असताना सुरकुतलेला,
सकाळी टिचकी मारली तर डफासारखा.
शहाणे सोनाराच्या काट्यावर एकतीस ग्रॅम.
तो चष्म्यावरून बघत म्हणाला, "मजुरी धरून?"

गट नंबर दोनशे अकरा, दुधनेच्या अंगाचं रान.
ब्याण्णव साली मीच मोजलेलं.
ज्वारी काढून झालेली, भेगांत बोट जाईल एवढं ऊन.
रबराला दोनशे चाळीस वेढे, मोजून.
मोईजची सुमैया, आठ वर्षांची,
तिने दोन बोटांत धरलं आणि सोडलं,
फेकलं नाही.

डावीकडे झुकत चढलं.
पहिला बांध ओलांडला,
ना नोटीस, ना पंचनामा, ना लगतच्या खातेदाराची सही.
दुसरा ओलांडला.
वर एक घार पंख न हलवता गोल फिरत होती,
तिच्या खाली जाऊन तसंच फिरायला लागलं.

सुमैया धसकटांतून पळत गेली, चप्पल हातात घेऊन परत आली.
"खाली कधी येणार?"
रबर तर केव्हाच संपलं, म्हटलं.
"मग उडतंय कशावर?"
तिचा तळवा घेऊन मातीवर टेकवला.
तिने चटकन मागे घेतला,
आणि मग स्वतःहून पुन्हा टेकवला.

पंखावर बॉलपेनने फोन नंबर लिहिलाय.
माझा एक आणि सात सारखाच दिसतो,
ऑफिसात सगळे म्हणायचे.
आठ दिवस झाले.

एक फासळी जास्तीची निघाली, पंधरावी.
मोईज म्हणतो, तुमचे तीन टक्के ते हेच.
शर्टाच्या खिशात ठेवली आहे,
असल्याचं कळत नाही, सारखं चाचपावं लागतं.
नकाशा अजून बोर्डावरच आहे.
बायको विचारते, गुंडाळू का.
मी म्हणतो, टाचण्या राहू दे.